चतुःसीमेत न बसणारं घर

घेणारी : काका, आधी हिशेब मांडते, मग तुम्ही हवं तेवढं बोला. पुण्यात सिंहगड रस्त्याला आम्ही 14 वर्षं भाड्यानं राहतोय. पाच घरं बदलली. दर अकरा महिन्यांनी करार, दर कराराला भाडं वर, आणि मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आम्ही टेम्पो बघायचा. सध्या 24 हजार भाडं जातं. त्याच भागात दोन बेडरूमचं घर घ्यायचं म्हटलं तर 85 लाखांच्या आत कोणी दारात उभं करत नाही. इथं वाईत, सिद्धनाथवाडीच्या अंगाला, 760 चौरस फुटांचा फ्लॅट 42 लाखांना मिळतोय. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गच्चीवर सोलर, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट पांडवगड. 12 लाख गाठीला आहेत, 30 लाख कर्ज काढू. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचं कर्ज, महिन्याला साधारण 26 हजारांचा हप्ता. म्हणजे भाड्याहून दोन हजार जास्त, आणि घर आपलं. यांना आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसात जावं लागतं. माझं भाषांतराचं काम कुठूनही होतं. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. आम्हाला सेकंड होम नकोय. पहिलंच अजून झालेलं नाही. आम्हाला इथं राहायचंय.

वाईकर : हिशेब बरोबर आहे, म्हणूनच त्याची भीती वाटते. 26 हजारांचे 240 हप्ते म्हणजे 62 लाखांच्या वर गेलीस, शिवाय पदरचे 12. पण व्याज पुण्यातही चुकलं नसतं, ते सोड. मी अडतो तो 'परवडतं' या शब्दाशी. कोणाला परवडतं? कापडदुकानात उभा राहणारा पोरगा, खाजगी शाळेतली बाई, पतपेढीतला कारकून, यांच्या पगारातून तुझा हप्ता वजा कर आणि उरलेल्यात महिना काढून दाखव. वाईतल्या घराची किंमत वाईच्या पगारावर ठरतच नाही. ती पुण्या-मुंबईच्या सुट्टीवर ठरते. 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भाग म्हणून जाहीर झाला. वर बांधकामाला लगाम बसला, पण वर घर हवं असलेल्यांची हौस थोडीच बसली? ती पसरणीचा घाट उतरून खाली आली. वरच्यापेक्षा स्वस्त, महामार्गाला सुरूर फाट्यावरून पाव तास, नदी आहे, देवळं आहेत, डोंगर आहेत. म्हणून तुझे 42 लाख तुला मध्यम वाटतात. तू पुण्याच्या खिडकीतून बघतेस. आमच्या पोरांना तेच 42 लाख खालून वर मान करून बघावे लागतात. आणि वाईला दुसऱ्या गावाचं सोंग घ्यायची सवय आहे, हेही लक्षात ठेव. 'गंगाजल'मध्ये ती बिहार झाली, 'स्वदेस'मध्ये आमची मेणवली उत्तर प्रदेशातलं चरणपूर झाली. आता ती तुझ्या मनातल्या माहेराचं काम करेल. उत्तम करेल. पण शूटिंग संपल्यावर इथं कोण राहतं, ते आम्हाला माहीत आहे.

घेणारी : हे ऐकायला छान आहे, पण त्याचा अर्थ काय काढू? वाईत घर फक्त वाईकरानं घ्यावं? मग वाई उभीच राहिली नसती. रास्ते सरदारांनी देवळं बांधली, वाडे बांधले, ते काय इथल्याच मातीतून उगवले होते? मेणवलीचा वाडा नाना फडणवीसांचा, आणि नानांची सगळी कारकीर्द पुण्यात. म्हणजे तुमच्या भाषेत ते सेकंड होमच की! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी मूळचे धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. लहान वयात प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि वाईचेच झाले. त्यांच्यामुळे विश्वकोशाचं कार्यालय या गावात आलं, त्या कामासाठी कुठकुठली माणसं आली आणि आळ्यांतून घरं करून राहिली. आज 'मराठी विश्वकोश, वाई' असं म्हणताना कोणाच्या मनात येत नाही की यातले वाईचे किती. कृष्णेकाठची गावं बाहेरून आलेल्यांनीच भरली. माझ्यापाशी येऊनच नेमका दरवाजा बंद का व्हावा?

वाईकर : दरवाजा बंद नाही गं. तुझी उदाहरणंही खरी आहेत. पण एक फरक बघ. ती माणसं गावात काहीतरी करायला आली. पाठशाळेत शिकवायला, कोश लिहायला, पेढी चालवायला. गावाला त्यांची गरज होती, त्यांना गावाची. तुमचं काम पुण्यातच राहणार, तुमचे पैसे पुण्यातून येणार, आणि वाईतून तुम्हाला हवा आहे तो पांडवगड. पांडवगडाला तुमच्याकडून काही नकोय. मी टोमणा मारत नाही. गरज दोन्हीकडून असेल तर माणूस टिकतो, एवढंच म्हणतोय. नजाऱ्यासाठी आलेल्याला नजारा झाकला गेला की राहायला कारण उरत नाही.

दुसरं, तू खिडकीचं बोललीस, पाठीचं नाही बोललीस. ढोल्या गणपतीच्या देवळाला कधी मागून बघितलंयस? सगळे पुढून बघतात, मूर्ती मोठी, फोटो काढतात. 1762 मध्ये गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते बांधलं, तेव्हा मागची भिंत माशासारखी निमुळती घेतली, पुराचं पाणी त्यावर आपटून दुभंगावं म्हणून. बांधणाऱ्याला माहीत होतं की आपण नदीच्या वाटेत उभे आहोत. नदीला वळसा घालता येत नाही, तर तिला वाट तरी करून द्यावी. तुझ्या इमारतीचं तोंड कुठं आहे ते तुला बिल्डरनं सांगितलं. पाठ कुठं आहे, विचारलंस?

घेणारी : विचारलं. तुम्हाला वाटतं तेवढी मी भाबडी नाही. नगरपालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा मागितला. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळीच्या मध्ये बांधकामाला बंदी, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी. आमची इमारत लाल रेषेच्याही बाहेर आहे, चांगली उंचावर. आणि काका, पुराची भीती मला सिंहगड रस्त्यावर राहणारीला घालताय? 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्यानं एका रात्रीत काय केलं ते आम्ही बघितलंय. 2024 च्या जुलैत एकतानगरीत पहाटे पाणी शिरलं, तेव्हा आमच्या सोसायटीतली मुलं दोर घेऊन गेली होती. तिथं 85 लाख मोजून पुरात राहायचं, त्यापेक्षा इथं 42 लाखांत उंचावर काय वाईट? धोका सगळीकडे आहे. मग निदान हवा चांगली असलेल्या ठिकाणी का नको?

वाईकर : पाणी तू मोजलंस, उतार मोजला नाहीस. या खोऱ्यात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा मीटर पाऊस. तिथून 30 किलोमीटरवर, खाली वाईत, त्याचा लहानसा हिस्साच पडतो. त्यामुळे होतं काय, तुझ्या खिडकीवर भुरभूर चालू असते आणि पश्चिमेला जोर, गोळेगाव, कोंढावळे इकडे आभाळ कोसळत असतं. 2021 ची 22 जुलैची रात्र आठव. महाडच्या तळियेची बातमी सगळ्यांनी वाचली, चिपळूण बुडालेलं टीव्हीवर पाहिलं. त्याच रात्री आपल्याच तालुक्यात कोंढावळ्याच्या देवरुखवाडीवर दरड आली. माणसं गेली. वाई शहरात बसलेल्या आम्हाला सकाळी फोनवर कळलं. एकच तालुका, एकच रात्र.

तू म्हणशील, माझा फ्लॅट डोंगराला लागून नाही. नाही, पण त्याच्या पायाखालचा मुरूम कुठून आला? धोमच्या जलाशयाकडे, पसरणीच्या वाटेला बघ, डोंगराची ढोपरं फोडून सपाट्या केल्यात, त्यावर बंगले. फोडलेला मुरूम डंपरनं खाली येतो आणि सखल जागा भरून तिथं तुझ्यासारख्यांच्या इमारती उभ्या राहतात. वरचा उतार सुटतो आणि खालचा ओढा बुजतो, दोन्ही एकाच डंपरनं. मग नकाशावरची लाल रेषा जुन्या ओढ्याची असते आणि पाणी नव्या वाटेनं येतं. नकाशा खोटा नसतो. तो काढला त्या दिवसाचा असतो.

आणि धोम धरण. आठ-नऊ किलोमीटर वर साडेतेरा टीएमसी पाणी उभं आहे, त्याच्याही वर बलकवडी. वाईत ऊन पडलेलं असताना नदी चढू शकते, कारण वर दरवाजे उघडलेत. घाटावरच्या म्हाताऱ्यांना पूर्वी नदीचा रंग बघून कळायचं. आता भोंगा आणि मेसेज. हे वाईट आहे असं नाही, पण हे खोरं एका घराच्या उंचीवरून समजत नाही, एवढं कळून घे.

घेणारी : बरं, मग राहायचं कुठं? तुमच्या बोलण्यानं उंचावर नको, सखल नको, नदीकाठी नको. माझ्यासमोर तीन वाटा होत्या. एक, हा फ्लॅट. दोन, बावधनच्या बाजूला तीन गुंठे. एजंट म्हणतो, तुकडेबंदी आता सैल होतेय, नोटरी करून ठेवा, पुढे नावावर होईल, आणि त्यात दोन खोल्यांचं बैठं घर 30 लाखांत निघेल. तीन, गंगापुरीतल्या एका वाड्यातला हिस्सा. सागवानी खांब, माजघर, मागे आड. तो हिस्सा बघून मी दोन रात्री झोपले नाही. यात शहाणपणाचा मला फ्लॅटच वाटला. दस्त माझ्या एकटीच्या नावानं करणार आहोत, बाईच्या नावानं घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. 42 लाखांवर 42 हजार वाचतात. घराला पडदे होतील.

वाईकर : तीन गुंठ्यांना नाही म्हणालीस, देवानं बुद्धी दिली. नोटरीच्या कागदावर जमीन मिळत नाही, भांडण मिळतं. शेतजमिनीचा तुकडा बागायतीत 10 गुंठ्यांखाली आणि जिरायतीत 20 गुंठ्यांखाली पाडता येत नाही, हा मूळ नियम. त्यात तुम्ही शेतकरी नाही, म्हणजे बिनशेती झाल्याशिवाय ती जमीन तुम्हाला घेताच येत नाही. सवलतींच्या बातम्या येतात, खऱ्याही असतात, पण कुठल्या हद्दीला, कुठल्या तारखेपर्यंतच्या तुकड्याला, हे एजंट कधी पुरतं वाचत नाही. आणि वाईसारख्या देवळांच्या गावात सातबारा उघडला की आधी इतर हक्कांचा रकाना बघायचा. देवस्थान इनाम असेल, कुळाची असेल, भोगवटादार वर्ग दोन असेल, तर सरकारी परवानगीशिवाय केलेला व्यवहार पुढे मोडू शकतो. दोन पिढ्या गेल्यावरही मोडू शकतो. मी असे दोन लोक ओळखतो ज्यांनी घर बांधलं, वास्तुशांत केली, आणि मग तलाठ्याकडे गेले.

आता तुझा शहाण्यांचा फ्लॅट. इमारतीत घरं किती? आठ. भूखंड 500 चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असली की प्रकल्प रेराकडे नोंदवावा लागत नाही. आमच्या गावात आठाचा आकडा बिल्डरांना फार शुभ आहे. मग भोगवटा प्रमाणपत्राचं विचार. 'येईल हो, अर्ज टाकलाय' असं म्हणाला तर येईपर्यंत टोकन खिशात ठेव. सोसायटी झाली का, जमीन सोसायटीच्या नावावर चढली का, की अजून मूळ मालकाच्या नावावर आहे? पाणी नगरपालिकेचं की बोअरचं? मे महिन्यात बोअरला किती येतं? हे बिल्डरला विचारू नकोस, वरच्या मजल्यावरच्या बाईला विचार.

आणि साठेखतातली चतुःसीमा वाच. कोणी वाचत नाही. आमच्या आजोबांच्या खरेदीखतात लिहिलं होतं : पूर्वेस अमक्यांचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस सामाईक आड, दक्षिणेस कृष्णाबाई. नदी तिच्या नावानं, माणसासारखी, शेजारीण म्हणून. त्या चार ओळींत माणसाला कळायचं की आपण कोणाकोणाला उत्तर देणं लागतो. आताच्या दस्तात काय असतं? पूर्वेस फ्लॅट नंबर अमुक, पश्चिमेस जिना.

घेणारी : तुमच्या आजोबांचं खरेदीखत काढलंत म्हणून विचारते, रागावू नका. तो वाडा आता कुठे आहे? मधल्या आळीत जिथं तो होता तिथं इमारत उभी आहे, तळमजल्यावर मोबाईलचं दुकान. तुम्ही बिल्डरला दिलात, बदल्यात दोन फ्लॅट घेतलेत, एकात राहता, दुसरा विकलात. कोणाला? मुंबईच्या माणसाला. ज्या किमतीला नावं ठेवताय ती किंमत तुमच्या हातात आली आहे. मी आले की मात्र तुम्हाला कापडदुकानातला पोरगा आठवतो.

वाईकर : आठवतो, कारण तो माझा पुतण्या आहे. रागावत नाही. बरोबर बोललीस. आम्ही वारस 11. एक नागपूरला, एक अमेरिकेत, एकाचा पत्ताच नाही. कौलं दरवर्षी शाकारायची तर पैसे मी घालायचे आणि हिस्सा सगळ्यांचा. 2019 च्या पावसात मागचा सोपा बसला, रात्री, सुदैवानं तिथं कोणी झोपलं नव्हतं. त्यानंतर कोणाच्या तोंडी 'वारसा' आला की मला हसू यायचं. वारसा म्हणजे 11 सह्या. वाडा विकला याची मला लाज वाटत नाही, आणि कोणी मला ती वाटायला लावूही नये. दुसरा फ्लॅट पुतण्याला द्यावा असं मनात आलं होतं. तो 18 लाखांच्या वर जाऊ शकत नव्हता, मुंबईच्या माणसानं 39 दिले. मी 39 घेतले. आता मला काय म्हणायचं ते म्हण.

पण त्यानंतर काय झालं ते ऐक, कारण माझं खरं म्हणणं तिथं आहे. इमारतीत आठ घरं, सहा बंद. दिवाळीत आणि मे महिन्यात दिवे लागतात. गणपतीत आरतीला आम्ही तिघं, त्यात एक वॉचमन. गच्चीची टाकी गळाली तर मीटिंग फोनवर होते, सहा जण अंगठा दाखवतात आणि प्लंबर मी शोधायचा. कृष्णाबाईचा उत्सव आळीआळीनं होतो, तुला ठाऊक आहे. वर्गणी लगेच येते, क्यूआर कोड पाठवला की पाच मिनिटांत. या लोकांची दानत मोठी आहे, खोटं का बोलू? पण मांडवाचा खांब धरायला हात लागतो, पंगतीत वाढायला माणूस लागतो, आणि पाणी चढलं तर पलीकडच्या आजींना उचलून आणायला खांदा लागतो. क्यूआर कोडनं आजी उचलता येत नाही. घर बांधलं जातं, शेजार बांधला जात नाही. तेवढं एकच माझं दुखणं आहे, बाकी सगळा त्याचा पालापाचोळा.

(मध्येच लेखकाची लुडबूड : इतका वेळ दोघंही 'गाव' हाच शब्द वापरतायत. एकाचं गाव आळीनं मोजलं जातं, दुसरीचं खिडकीनं. मला स्वतःला खिडकीची ओढ जास्त आहे, हे कबूल करून बाजूला होतो.)

घेणारी : मग तुम्ही माझीच बाजू मांडलीत! सहा बंद घरं हे दुखणं असेल तर सातवं बंद घर होऊ नये यासाठी तुम्ही मला हाताला धरून न्यायला हवं. मी राहणार आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो इथल्या शाळेत जाईल, इथल्या मैदानात गुडघे फोडेल. सासूबाई 71 च्या आहेत, त्यांना देवळाच्या ओट्यावर बसायला बायका हव्यात, पुण्यात त्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसाशीसुद्धा बोलतात, इतक्या एकट्या पडल्यात. मी पंगतीत वाढेन, मला येतं. तुमचं म्हणणं खरं तर घर घेण्याविरुद्ध नाहीच, घर बंद ठेवण्याविरुद्ध आहे. आणि बाजारात दोन्ही गिऱ्हाइकं एकच किंमत मोजतात म्हणून तुम्ही दोघांनाही एकाच तागडीत घालताय.

वाईकर : तागडी बाजाराची आहे, माझी नाही. बिल्डरला तुझ्यात आणि त्या मुंबईवाल्यात फरक दिसत नाही. मला दिसतो, पण तो फरक आजचा आहे. पाच वर्षांनी दिसेल का? यांच्या कंपनीनं उद्या सांगितलं, पाचही दिवस या. खंबाटकीमार्गे रोज 90 किलोमीटर जाऊन तेवढेच परत येणं होणार नाही, मग ते पुण्यात खोली घेतील. मुलगा दहावी झाला की क्लास, कॉलेज, स्पर्धा. तू त्याच्याबरोबर जाशील, कोणतीही आई जाईल. सासूबाईंच्या छातीत रात्री दुखलं तर साधं दुखणं इथं बरं होतं, मोठ्याला सातारा 35 किलोमीटर, त्याहून मोठ्याला पुणं. शनिवारी-रविवारी, सलग सुट्ट्यांत, पसरणीच्या घाटापासून गाड्यांची रांग लागते, ॲम्ब्युलन्सही त्याच रांगेत. एकेक करून माणसं जातील आणि घर राहील. त्या सहा घरांतले चौघे असेच 'राहायला' म्हणून आले होते. ते खोटं बोलले नव्हते.

म्हणून म्हणतो, आधी भाड्यानं राहा. एक पावसाळा. जून ते सप्टेंबर. भिंतीला ओल कुठून येते, वीज किती वेळ जाते, मुलाला शाळेत कोण जवळ करतं, नदी चढली की तुझं पोट कसं होतं, सगळं कळेल. चार महिन्यांचं भाडं म्हणजे 62 लाखांपुढे काय आहे?

घेणारी : भाड्यानं 14 वर्षं राहिलेय, काका. भाडेकरूला काय कळतं ते मला विचारा. भाडेकरूला वर्गणी मागायला सुद्धा कोणी येत नाही, 'हे काय, जातीलच' म्हणून वरच्या मजल्यावर जातात. सोसायटीच्या मीटिंगला बसू देत नाहीत. ओढा बुजवला म्हणून ओरडायला गेलं तर पहिला प्रश्न, तुम्ही मालक का? नदीत गटार सोडलंय म्हणून अर्ज द्यायचा तर खाली सही कोणाची आणि पत्ता कुठला? तुम्ही म्हणता, आधी रुजा, मग घर घ्या. मला उलटं वाटतं. नावावर चार भिंती असल्याशिवाय माणसाला रुजूच दिलं जात नाही. तुमच्या आजोबांना कृष्णाबाई शेजारीण मिळाली ती खरेदीखतानं मिळाली.

आणि निघून जाण्याचं म्हणाल, तर बाईच्या नावावरच्या सवलतीत 2021 मध्ये एक अट होती, 15 वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. 2023 मध्ये ती काढली. काढली ते बरंच झालं, बाईचा हात बांधून ठेवायचं कारण नाही. पण ती अट वाचताना मी मनात हिशेब केला होता की 15 वर्षं आपण राहू का. उत्तर आलं नाही. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

वाईकर : सांगितलंस ते बरं केलंस. मलाही उत्तर येत नाही. मी इथं जन्मलो, तरी माझा मुलगा बंगळूरला आहे आणि मी गेल्यावर माझं घर सातवं बंद घर होणार, हे मला दिसतंय. म्हणजे बाहेरून आलेला आणि इथं जन्मलेला असा भेद मी केला, तो माझ्याच जिन्यात कोसळतो. आता मला वाटतं, भेद असलाच तर पावसाळ्याचा आहे. जो जुलैत इथं असतो तो वाईचा, मग त्याच्या नावावर घर असो वा नसो. पण त्या न्यायानं माझा मुलगा वाईचा नाही आणि माझ्या इमारतीचा वॉचमन, यवतमाळचा, तो वाईचा. हे मला पटतंय आणि सोसत नाहीये. तू हा फ्लॅट पहिल्यांदा कधी बघितलास?

घेणारी : डिसेंबरात. थंडी होती, ऊस उभा होता, हळदीची पानं पिवळी पडायला लागली होती. पांडवगड इतका स्वच्छ दिसत होता की त्यावरची पायवाट मोजता यावी.

वाईकर : डिसेंबरात वाई कोणालाही आवडते.

घेणारी : दुसऱ्यांदा फेब्रुवारीत आले. मसुदा आलाय, तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता वाचते. पूर्वेस : सहा मीटर रुंदीचा रस्ता. पश्चिमेस : फ्लॅट क्रमांक 5. दक्षिणेस : जिना. उत्तरेस : खुली जागा. उत्तरेस म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. ती खुली जागा कोणाची आहे हो?

वाईकर : आमच्या चुलतभावाची. पाच गुंठे. दोन वर्षांपूर्वी बिनशेती करून घेतली.

घेणारी : विकायची आहे?

वाईकर : गिऱ्हाईक येऊन गेलं. दोनदा.

घेणारी : म्हणजे पांडवगड...

वाईकर : पांडवगड कुठं जात नाही. तुझ्या ओट्यापाशी उभं राहून दिसेल की नाही, ते त्या गिऱ्हाइकाकडे आहे. टोकन शनिवारी द्यायचंय ना?

घेणारी : शनिवारी. किती वाजता, ते अजून कळवलेलं नाही.